रक्तातील एक दुर्लक्षित निर्देशांक

ताप तीन-चार दिवस उतरला नाही म्हणजे डॉक्टर रक्त तपासून आणावयास सांगतात. सायंकाळी प्रयोगशाळेचा कागद हाती पडतो. त्यावरचे हिमोग्लोबिन पाहिले जाते, प्लेटलेट किती आहेत ते पाहिले जाते, मलेरियाचे जंतू नाहीत याची खात्री करून घेतली जाते. आणि रोगी बरा झाला की तो कागद रद्दीच्या वाटेला लागतो. त्याच कागदावर रक्तातील पांढऱ्या पेशींची एकूण संख्या छापलेली असते. एका घन मिलिमीटरमागे साधारणतः ४,००० ते ११,००० या मर्यादेत ती असली, की तिच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. वस्तुतः गेल्या पन्नास वर्षांत अनेक देशांत झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की या ‘निरोगी’ मानलेल्या मर्यादेच्या आतदेखील ज्याची संख्या वरच्या बाजूस आहे, त्याला पुढे हृदयविकार होण्याचा संभव खालच्या बाजूस असलेल्या माणसापेक्षा अधिक असतो.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा जाणकार नव्हे. अर्थशास्त्र शिकवणे हा त्याचा व्यवसाय. कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु एखादा आकडा काय सांगतो व काय सांगत नाही, आणि तो मिळविण्यासाठी झालेला खर्च कसा वाया जातो, हे प्रश्न अर्थशास्त्राच्याच कक्षेतले आहेत. या लेखाचा मुद्दा थोडक्यात असा : पांढऱ्या पेशींची संख्या हा एक निर्देशांक आहे, आणि कोणताही निर्देशांक आधारवर्षावाचून निरर्थक असतो. म्हणून प्रत्येक प्रौढ माणसाचे स्वतःचे आधारवर्ष नोंदले गेले पाहिजे, आणि ती नोंद राखण्याची जबाबदारी सार्वजनिक आरोग्ययंत्रणेने पत्करली पाहिजे.

जपलेल्या कागदांचा शोध

या विषयाचा इतिहास उद्बोधक आहे. १९७४ साली अमेरिकेतील फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसंस्थेत सभासदांची वेळोवेळी तपासणी होत असे आणि त्या तपासण्यांचे आकडे जपून ठेवले जात. ज्यांना पुढे हृदयविकाराचा झटका आला, त्यांच्या झटक्यापूर्वीच्या तपासण्या या संशोधकांनी काढून पाहिल्या. तेव्हा असे आढळले, की हे लोक धडधाकट म्हणून वावरत होते त्या काळातच त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी इतरांहून अधिक होत्या. हा शोध लागण्यास नवे यंत्र लागले नाही की नवे रसायन लागले नाही. इतर ठिकाणी रद्दीत जाणारे कागद एका ठिकाणी जपले गेले होते, एवढेच त्याचे भांडवल.

यावर एक आक्षेप तत्काळ निघाला, आणि तो योग्यच होता. धूम्रपानाने पांढऱ्या पेशी वाढतात आणि धूम्रपानाने हृदयविकारही होतो. मग ही संख्या म्हणजे सिगारेटची केवळ सावली तर नव्हे? या शंकेला १९८५ साली बऱ्याच अंशी उत्तर मिळाले. अमेरिकेतीलच एका मोठ्या प्रयोगातील ६,२२२ मध्यमवयीन पुरुषांच्या नोंदी ग्रिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. धूम्रपानाचा परिणाम गणिताने वेगळा काढल्यावरही संबंध शिल्लक राहिला. संख्या १,००० ने कमी असली तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी कमी, असे प्रमाण त्यांना दिसले. त्यांचा दुसरा निष्कर्ष आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. एकाच माणसाच्या पहिल्या तपासणीपासून नंतरच्या वार्षिक तपासणीपर्यंत संख्येत जो बदल झाला, तो बदलही स्वतंत्रपणे धोक्याची सूचना देत होता.

१९९८ साली डॅनेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अशा अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी केली. संख्येनुसार लोकांचे तीन समान गट केले, तर सर्वांत वरच्या गटाचा धोका सर्वांत खालच्या गटाच्या १.४ पट भरतो, असे त्यांचे अनुमान होते. हे अभ्यास बहुतांशी पुरुषांवरचे होते. २००५ साली अमेरिकेतील सत्तर हजारांहून अधिक प्रौढ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांची संख्या ६,७०० किंवा त्याहून अधिक होती, त्यांना हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सर्वांत कमी संख्या असलेल्या चौथ्या हिश्श्याच्या दुपटीहून अधिक निघाला. ६,७०० हा आकडा आपल्याकडच्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या कागदावर निर्धोक म्हणूनच छापला जाईल, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे २०१७ साली इंग्लंडमधील डॉक्टरांच्या दप्तरांतून ७,७५,२३१ लोकांच्या नोंदी एकत्र करून केलेल्या अभ्यासात, पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशींचा संबंध हृदयविकाराचा झटका, हृदयाची दुर्बलता आणि पायांच्या धमन्यांचे विकार यांच्याशी दिसून आला.

दाहाचा हिशेब

या संबंधाची मीमांसा काय? रक्तवाहिनीत चरबी साचते आणि नळ तुंबावा तशी ती तुंबते, हे चित्र शाळेतल्या पुस्तकापासून आपल्या मनात बसलेले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. धमनीच्या अस्तरात कोलेस्टेरॉलचे कण शिरले की शरीर त्यांना परकीय आक्रमण समजते व पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात. त्या ते कण गिळतात, फुगतात, तेथेच मरतात, आणि त्यांच्या अवशेषांनी गाठ वाढत जाते. शरीरावर झालेली जखम लाल होते, सुजते, गरम होते. तशीच एक मंद जळजळ वर्षानुवर्षे धमनीच्या भिंतीत चालू राहते. वैद्यक तिला दाह म्हणते. एके दिवशी त्या गाठीचे पातळ आवरण फाटते, त्यावर रक्त गोठते, आणि हृदयाला होणारा पुरवठा थांबतो. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो याने धमन्यांच्या या दाहाविषयी एकोणिसाव्या शतकातच लिहिले होते. रसेल रॉस यांनी १९९९ साली धमनीकाठिण्य हा दाहाचाच विकार होय असे स्पष्ट मांडले, तेव्हा ती गोष्ट सर्वमान्य झाली.

असा दाह शरीरात जेथे कोठे चालू असेल, तेथून रासायनिक संदेश निघतात. त्यांच्यामुळे अस्थिमज्जा अधिक पांढऱ्या पेशी घडवून रक्तात सोडते. तंबाखूचा धूर, पोटावरची चरबी, रक्तातील वाढती साखर, हिरड्यांचा जुना रोग, अपुरी झोप, सततचा ताण अशी या संदेशांची उगमस्थाने वेगवेगळी असू शकतात. म्हणूनच ही संख्या एका वस्तूची किंमत नसून अनेक वस्तूंच्या किमतींचा निर्देशांक आहे. महागाईचा निर्देशांक चढला एवढ्यावरून डाळ महागली की रॉकेल, हे कळत नाही. चौकशी करावी लागते. पांढऱ्या पेशींचेही तसेच आहे.

पुण्याने दिलेली साक्ष

हे सारे परदेशचे आकडे आहेत, त्यांचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याची गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात हे दोघे शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन काढण्याचे जे सूत्र आहे, त्याप्रमाणे दोघांचाही आकडा २२.३, म्हणजे दोघेही सारखेच सडपातळ. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसतो म्हणून तो निर्धोक असतो, हा समज या एका चित्राने मोडीत काढला.

याच दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्यापूर्वी, १९९९ साली, आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. शहरी भारतीयांच्या रक्तात दाह वाढवणाऱ्या रसायनांचे प्रमाण अधिक होते. ग्रामीण भारतीयांच्या रक्तात ते तसे नव्हते. सामान्यतः आपली कल्पना याच्या उलट असते. खेड्यात चिखल, जंत, दूषित पाणी, तापसराई. तेव्हा दाहाची रसायने तेथेच अधिक असावीत असे वाटते. पण आकड्यांनी बोट दाखवले ते शहरी राहणीकडे. पुढे २००८ साली याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या परिसरातील खेडूत, झोपडवस्तीतील रहिवासी आणि शहरी मध्यमवर्गीय अशा तीन गटांतील पुरुषांच्या शरीरातील मेद, दाह व साखर यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत अधिक मेद आढळला तो मध्यमवर्गीयांत. म्हणजे शिक्षक, कारकून, बँकेतील नोकर अशा आपल्यासारख्या बैठे काम करणाऱ्यांत.

याचा अर्थ खेडे सुरक्षित आहे असा घेता येत नाही, कारण खेडे खेडे राहिलेले नाही. लोणावळ्याला लागून असलेल्या औंढ्यासारख्या गावाचे उदाहरण घ्या. एका पिढीपूर्वी मावळातल्या माणसाचे आयुष्य भाताच्या खाचरात आणि डोंगराच्या चढणीवर जात असे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि या पट्ट्यातील जमिनीला वेगळेच मोल आले. बंगले उठले, हॉटेले वाढली, मुले रखवालदारीच्या, वाहन चालविण्याच्या, हॉटेलातील रात्रपाळीच्या कामाला लागली. उत्पन्न वाढले यात आनंदच आहे. परंतु चालणे थांबले, रात्रीची झोप गेली आणि हातात तंबाखूची पुडी राहिली. जो शहरी दाह पुण्याच्या अभ्यासात दिसला, तो गावचा पत्ता न बदलता गावात येऊन पोहोचण्याची ही वाट आहे. आपल्या दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका येतो तो सरासरीने ५३ व्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे जगातील इतरांच्या पाच-सहा वर्षे आधी, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले आहे. त्या वयात मुलीचे लग्न व्हायचे असते, मुलाचे शिक्षण अर्धवट असते, घरासाठी काढलेले कर्ज फिटलेले नसते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर कुटुंबाचा भार सर्वाधिक असतो त्याच वर्षी कमावता हात जातो.

चिन्ह आणि कारण

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. चिन्ह ओळखता आले म्हणून कारण हाती आले असे होत नाही. कोंबडा आरवतो आणि उजाडते; पण कोंबडा झाकून ठेवला म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही. पांढऱ्या पेशी स्वतः रोग घडवतात, की चालू असलेल्या रोगाची वर्दी देतात, हा वाद अजून पूर्णपणे मिटलेला नाही. दाहाचे औषध देऊन पाहण्याचे प्रयोग मात्र झाले आहेत. २०१७ साली १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह शमविल्याने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व त्यांपायी होणारे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी घटले. दाहाची उपपत्ती खरी असल्याचा हा भक्कम पुरावा होता. परंतु त्याच प्रयोगात जंतुसंसर्गाने मरणाऱ्यांची संख्या वाढली, आणि औषधाची किंमत तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. पांढऱ्या पेशी हे शरीराचे सैन्य आहे. ते बंड करते म्हणून बरखास्त केले, तर सीमा उघड्या पडतात.

दुसरे औषध स्वस्त आणि जुने आहे. वातरक्तावर शतकानुशतके वापरले जाणारे कोल्चिसिन अल्प प्रमाणात दिल्याने हृदयरुग्णांना लाभ होतो, असे २०१९ व २०२० साली दोन मोठ्या प्रयोगांत दिसले आणि २०२३ साली अमेरिकेने त्यास त्या उपयोगासाठी मान्यता दिली. मात्र २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या प्रयोगात, झटक्यानंतर लगेच हे औषध सुरू करूनही फायदा आढळला नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कडेकपारीला ज्या कळलावीची लाल-पिवळी फुले दिसतात, तिच्यातही हेच द्रव्य असते आणि ते प्राणघातक विष आहे. तेव्हा या बाबतीत कोणीही स्वतःचा वैद्य स्वतः होऊ नये.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. १.४ पट हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. समजा, एखाद्या वयाच्या शंभर माणसांपैकी पाच जणांना दहा वर्षांत हृदयविकार होणार आहे. तो धोका १.४ पट झाला म्हणजे पाचाचे सात होतात. उरलेले त्र्याण्णव, संख्या वर असूनही, सुखरूप राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने धोका मोजण्यासाठी जे तक्ते केले आहेत, त्यांत वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल यांना स्थान आहे. पांढऱ्या पेशींना नाही. रक्तदाब न मोजता पांढऱ्या पेशी मोजणे म्हणजे घराचे दार उघडे टाकून खिडकीला कुलूप लावण्यासारखे आहे. सर्वांगीण तपासणीच्या नावाखाली साठ-सत्तर चाचण्यांचा गठ्ठा विकणाऱ्या बाजाराच्या हाती हा आकडा भीतीचे साधन म्हणून पडू नये, हे यासाठीच.

आधारवर्ष कोणते धरावे?

मग या आकड्याचे मोल काय? येथेच निर्देशांकाचा नियम उपयोगी पडतो. माणसामाणसांच्या पांढऱ्या पेशींच्या संख्येत जन्मतःच फरक असतो. एकाला ५,००० स्वाभाविक, दुसऱ्याला ८,०००. म्हणून एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करून फारसे कळत नाही. त्याची त्याच्याच मागील आकड्याशी तुलना केली तर पुष्कळ कळते. पाच वर्षांपूर्वी ज्याची संख्या ५,५०० होती आणि आज कोणताही ताप नसताना ती ९,००० आहे, त्याच्या शरीरात काही तरी बदलले आहे. प्रयोगशाळेचा कागद त्याला दोन्ही वेळा निर्दोष म्हणणार, कारण कागदाला त्याचा भूतकाळ ठाऊक नाही.

परंतु आधारवर्ष निवडण्याचाही नियम आहे. दुष्काळाचे किंवा युद्धाचे वर्ष आधारवर्ष म्हणून धरीत नाहीत; सर्वसाधारण वर्ष धरतात. आपल्याकडची अडचण नेमकी हीच, की बहुतेकांचे रक्त तपासले जाते ते आजारातच. औंढ्यातला एखादा शेतकरी घ्या. आषाढात लावणीच्या वेळी पायाला जखम झालेली, अंगात कणकण. त्या दिवशी त्याची संख्या ११,००० च्या पुढे गेली, तर त्यावरून त्याच्या हृदयाविषयी काहीही सांगता येणार नाही. गरोदरपणात संख्या स्वभावतःच वाढते, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वाढते, नुकत्याच केलेल्या श्रमानेही काही काळ वाढते. तेव्हा आधाराची नोंद निरोगी अवस्थेतली, शक्यतो काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा घेतलेली असावी. आणि नोंदीपुढे ‘ताप नाही’, ‘तंबाखू आहे’ अशी दोन शब्दांची टीप असावी. टीपेवाचून आकडा मुका राहतो.

ही अपेक्षा अवास्तव आहे काय? तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तपासावी, हे केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमाचे धोरण आहे. आशाताई घरोघर जाऊन वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांची प्रश्नावली भरून घेतात. आपल्या राज्यात ‘महालॅब’ योजनेतून सरकारी आरोग्यकेंद्रांत घेतलेल्या रक्ताची तपासणी विनामूल्य करून देण्याची व्यवस्था उभी राहिली. म्हणजे माणूस येतो, प्रश्न विचारले जातात, यंत्र उपलब्ध आहे. या तिन्हींना जोडणारा धागा तेवढा हवा आहे. गरोदर स्त्रीला माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. बालकाच्या लसींची नोंद त्याच कार्डावर होते. चाळिशीच्या कमावत्या माणसाच्या हाती असे कोणते कार्ड असते? एका पुठ्ठ्यावर दरवर्षी एक ओळ लिहावी : तारीख, वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, पांढऱ्या पेशी, तंबाखू आहे की नाही. दहा वर्षांच्या दहा ओळी एकाखाली एक आल्या, की कोणत्याही डॉक्टरला एका दृष्टिक्षेपात जे कळेल, ते आज हजारो रुपयांच्या चाचण्यांनीही कळत नाही. संगणकावर नोंद राहिली तर उत्तमच; पण कागदाचे कार्ड रुग्णाच्या हाती असणे अगत्याचे आहे, कारण ज्याचा आकडा आहे त्यालाच तो दिसला पाहिजे.

खर्चाचा प्रश्न निघेलच. रक्तदाब आणि साखर यांच्या तपासणीला अग्रक्रम हवा, यात दुमत नाही. त्यांच्या औषधांचा पैसा कापून पांढऱ्या पेशी मोजू नयेत. परंतु असंख्य लोकांच्या पेशी आजही मोजल्या जातातच : नोकरीत रुजू होताना, शस्त्रक्रियेपूर्वी, कारखान्यातील वैद्यकीय तपासणीत. या प्रत्येक वेळी माणूस बहुधा तापाने फणफणलेला नसतो. आधारवर्षाला हव्या असलेल्या नोंदी याच. त्यांचा खर्च होऊन गेलेला आहे. आता लागतो तो एका ओळीच्या लेखनाचा श्रम. मिळवलेली माहिती फेकून देणे आणि तीच पुन्हा विकत घेणे, यांहून मोठी उधळपट्टी गरीब देशाला दुसरी नाही.

संख्या चढत असल्याचे दिसले तर काय करावे, हेही स्पष्ट असले पाहिजे; नाही तर माहितीने केवळ धास्ती वाढेल. प्रथम डॉक्टरांनी लपलेला संसर्ग शोधावा. हिरड्या, लघवी आणि क्षय यांचा विचार व्हावा. संख्या फारच वर किंवा फारच खाली असेल, तर रक्ताच्या अन्य विकारांची शंका घेऊन विलंब न लावता तज्ज्ञाकडे पाठवावे. यांपैकी काहीच नसेल, तर चौकशी राहणीकडे वळवावी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करणारे निघाले. धूम्रपान सोडल्यावर ही संख्या खाली येते, हे सिद्ध झालेले आहे. सिगारेट सोडणाऱ्याला वर्षभराने कार्डावर घटलेला आकडा दिसला, तर कोणत्याही भाषणापेक्षा तो त्याला अधिक धीर देईल. शिक्षकांना व विद्यार्थ्यांना तर येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. संख्याशास्त्राच्या तासाला परदेशी पुस्तकातील तक्ते गिरवण्याऐवजी, घरातील मोठ्या माणसांच्या जुन्या तपासण्यांचे कागद त्यांच्या संमतीने तारखेवार लावावयास विद्यार्थ्यांना सांगावे. सरासरी, कल आणि आधारवर्ष म्हणजे काय, हे त्यांना त्यातून अधिक चांगले समजेल आणि घरालाही त्याचा उपयोग होईल.

शेवटी एक उणीव आपल्या संशोधकांनीच भरून काढावयाची आहे. ६,७०० ची सीमारेषा अमेरिकेतील स्त्रियांच्या रक्तावरून आखली गेली. मावळातील शेतकऱ्याला, सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला, मुंबईच्या लोकलमधून रोज दोन तास उभ्याने जाणाऱ्या कारकुनाला ती तशीच लागू करता येणार नाही. १९९३ साली पुण्याच्या परिसरातील सहा खेड्यांत याज्ञिक यांच्या संस्थेने गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला आणि जन्मलेल्या मुलांचा मागोवा ती मोठी होईपर्यंत घेतला. भारतीय बालक जन्मतःच सडपातळ पण मेदयुक्त असते, ही जगाने स्वीकारलेली गोष्ट त्या चिकाटीच्या नोंदींतूनच निघाली. नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही. जे सहा खेड्यांत शक्य झाले, त्याचा साधासुधा अंश प्रत्येक प्राथमिक आरोग्यकेंद्रात शक्य व्हावा, एवढीच मागणी आहे. शासनाने कार्ड छापेपर्यंत थांबण्याचे मात्र कोणाला कारण नाही. घरात शाळेची प्रगतिपुस्तके आणि वीजबिले जपली जातात. त्यांच्याच शेजारी रक्ताच्या तपासणीचा कागद, वर तारीख आणि खाली दोन शब्दांची टीप लिहून, आजपासून ठेवता येईल.